अकरा एकवीस चौदा

"बाई, एक विचारू? यंत्राला कसं कळतं कुणाची चिठ्ठी उचलायची ते?"

मी फळ्यावर लिहीत होते. वळून बघितलं तर सुभेदार थोरवत वही मिटून, दोन्ही हात बाकावर ठेवून बसले होते. मंगळवारची दुपार होती, वीज गेली होती आणि बाकीची मुलं खाली सायकलच्या दुकानापाशी जाऊन उभी होती. वर्गात आम्ही दोघंच.

"सोपं आहे," मी म्हणाले. "रँडमाइझ म्हणून एक आज्ञा आहे. ती दिली की संगणक घड्याळ बघतो आणि त्या वेळेचा एक आकडा करतो. त्याला बी म्हणायचं. त्या बीपासून पुढचे सगळे आकडे निघतात, आणि त्या आकड्यांच्या चिठ्ठ्या लागतात."

"आणि बी तेच टाकलं तर?"

"तर झाड तेच येणार." मला स्वतःचंच उत्तर आवडलं. "पण वेळ पुढे जाते ना, सुभेदारसाहेब. दर सेकंदाला बी बदलतं."

ते हसले नाहीत. "परवा बटण किती वाजता दाबायचंय?"

"अकरा वाजून एकवीस मिनिटांनी. गुरुपुष्याचा मुहूर्त आहे. पत्रिकेत छापलंय."

"हां," ते म्हणाले. "म्हणजे बी कुठलं पडणार ते सगळ्या गावाला पत्रिका छापून सांगितलंय."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. साल १९९९. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात मुतालिक सरांचा संगणक वर्ग हा एकच संगणक वर्ग होता. सायकलच्या दुकानावरचा पहिला मजला, जिन्यात पंक्चरच्या सोल्युशनचा वास, दाराबाहेर चपलांची रांग. आत पाच संगणक. सरांच्या बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडातून प्रत्येक संगणकाला झालरीचं आवरण शिवलेलं होतं, आणि सकाळी ती आवरणं काढून घड्या घालताना मला देवघर उघडल्यासारखं वाटायचं. सी भाषा मी सरांकडेच शिकले आणि त्यांनीच मला तिथे शिकवायला ठेवलं. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटायची. पहिल्यांदा माझा प्रोग्राम चालला त्या दिवशी सरांनी खालून भजी मागवली होती.

त्या वर्षी नगरपालिकेने नवी मंडई बांधली. गाळे चौऱ्याऐंशी आणि अर्ज दोनशे बारा. आजवर सगळ्या भाजीवाल्या एसटी स्टँडच्या कडेने गटाराजवळ पोत्यांवर बसायच्या. गाळा म्हणजे डोक्यावर पत्रा, पायाखाली फरशी आणि पालिकेच्या गाडीने माल उचलून नेण्याची भीती संपली. चिठ्ठ्या काढल्या की हात घालणाऱ्यावर संशय येतो, म्हणून नगराध्यक्षांनी जाहीर केलं, सोडत संगणकावर काढणार. काम सरांकडे आलं. सरांनी ते माझ्यावर सोपवलं. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी आली, तीत 'कु. वैजयंती मगदूम' असं माझं नाव होतं. आईने ते कात्रण पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

सुभेदार थोरवत आमचे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. साठी उलटलेली. सैन्यात सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन शेतात जीव रमेना, म्हणून सी शिकायला यायचे. इस्त्रीचा शर्ट, कंपासपेटी, आणि गृहपाठ एकदाही चुकवला नाही.

वीज आली तसे ते उठले. "बाई, दोन यंत्रांची घड्याळं सारखी लावून बघू या का?"

आम्ही दोन संगणकांवर एकच वेळ घातली. मग दोघांनी एकदम कळ दाबली. दोन्ही पडद्यांवर चौऱ्याऐंशी क्रमांक सरसर उमटले. मी डावीकडचे वाचत गेले, ते उजवीकडचे. सहा, एकशे नव्वद, बेचाळीस... शेवटपर्यंत एकही वेगळा नव्हता.

माझ्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. इतके दिवस मी तो प्रोग्राम शंभरदा चालवला होता. दरवेळी वेगळी यादी आली म्हणून मी खूश होते. वेळ तीच ठेवून बघावं असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"एकाहत्तर सालची गोष्ट सांगतो," सुभेदार म्हणाले. "आमच्या शेजारच्या चौकीवर एक संकेत बनवणारा होता. रोजचा आकडा मनाचा घ्यायचा, असा हुकूम. हा आळशी. कॅलेंडरची तारीख उलटी करून तोच आकडा वापरायचा. चार दिवसांत पलीकडच्यांनी ओळखलं."

"मग?"

"मग काय. सहा जण होते चौकीवर."

एवढंच बोलून त्यांनी खुर्ची आत सरकवली.

सर संध्याकाळी पाचला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"वैजयंती, सगळ्या पुस्तकांत हीच पद्धत दिलीय. कॉलेजांत हेच शिकवतात. मंडईतल्या बायका काय घड्याळ लावून यादी काढणार आहेत?"

"त्या नाही काढणार, सर. पण कुणीतरी काढू शकेल."

"कुणीही काढणार नाही. सुभेदारांना उद्योग नाही, तू त्यांच्या नादी लागू नकोस." मग जाता जाता, दाराशी थांबून, चपला शोधत ते म्हणाले, "आणि हो, संगणकाचं घड्याळ आकाशवाणीच्या घड्याळाशी मिळवून ठेव. नगराध्यक्ष साहेब बरोबर अकरा, एकवीस, चौदाला कळ दाबतील. खूण मी करीन."

"चौदा काय, सर?"

"सेकंद."

"मुहूर्ताला सेकंद असतात?"

"ज्योतिषांनी काढून दिलंय," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चपलेचा अंगठा सापडत नसल्यासारखे ते खाली वाकून राहिले.

बुधवारी सकाळी वर्ग भरायच्या आधी मी आणि सुभेदारांनी संगणकावर गुरुवारची तारीख आणि अकरा एकवीस चौदा ही वेळ घातली आणि यादी छापायला दिली. प्रिंटर करकरत कागद बाहेर ढकलत होता आणि सुभेदार अर्जदारांची नावं समोर ठेवून एकेका क्रमांकावर पेन्सिल टेकवत होते.

दोनशे बारा अर्जदारांत चार नावं अशी होती की ज्यांनी जन्मात भाजी विकली नव्हती. गावात ते सगळ्यांना माहीत होतं. नगराध्यक्षांचा मेहुणा, बांधकाम सभापतींचे दोन पुतणे आणि एक कंत्राटदार. चौघंही यादीत होते.

"योगायोग असेल," मी म्हणाले.

सुभेदारांनी वहीत गुणाकार करून दाखवला. चौघं एकाच यादीत येण्याचा योग चाळिसांत एकदा. म्हणजे साठ सेकंदांत एखाददुसरंच सेकंद तसं सापडणार. "आणि नेमकं तेच सेकंद ज्योतिषाला सापडलं," ते म्हणाले. "प्रोग्राम कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि सरांकडे."

त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मग मी तो कागद हातात घेतला आणि एकशे अठरा शोधला. तो नवव्या जागी होता. गाळा क्रमांक नऊ, मंडईच्या दाराजवळचा, कोपऱ्यावरचा.

एकशे अठरा म्हणजे हौसाक्का. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. आई दवाखान्यात आया म्हणून लागली, तिची सुट्टी सातला व्हायची. शाळा सुटल्यावर मी स्टँडवर हौसाक्काच्या पोत्यावर येऊन बसायचे. तिच्या भाजीशेजारी मी पाढे पाठ केले. पाऊस आला की ती मला प्लास्टिकच्या कागदाखाली ओढून घ्यायची आणि स्वतःचा अर्धा खांदा बाहेर भिजत ठेवायची. भूक लागली म्हणायच्या आत हातात गाजर यायचं. तिचा नवरा पिऊन गेला होता, मुलगा मुंबईला जाऊन बेपत्ता झाल्यासारखाच होता. वीस वर्षं त्या गटाराकाठी बसून तिचे गुडघे गेले होते.

"यात हौसाक्का आहे," मी म्हणाले. "हिला गाळा लागतोय, सुभेदारसाहेब."

त्यांना हौसाक्का माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, हे मी नाही ठरवणार," ते म्हणाले. "प्रोग्राम तुमचा आहे. पण नवा लिहायचा असेल तर आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आणि मी बसतो सोबत."

"नवा लिहून काय होणार? संगणकाकडे घड्याळाशिवाय आहे काय? तो स्वतःच्या मनाने आकडा काढूच शकत नाही. जे सांगू तेच करतो."

"मग ज्याच्या मनाचा भरवसा देता येत नाही अशाकडून घेऊ या. माणसाकडून."

ती कल्पना त्यांची. लिहिलं मी. संगणकाच्या पोटात एक मोजणी चालू असते, सेकंदाला जवळजवळ बारा लाख टिकटिकींची. कुणी कळ दाबली की त्या क्षणी मोजणी कुठे होती ते टिपून घ्यायचं, आणि त्यातला फक्त शेपटाकडचा भाग ठेवायचा. माणूस अकरा एकवीसला कळ दाबीन असं म्हणू शकतो, अगदी चौदाव्या सेकंदालाही दाबीन म्हणू शकतो, पण बारा लाखांतल्या कितव्या टिकटिकीला दाबीन हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. असे खूप जणांचे तुकडे गोळा करायचे आणि घुसळायचे. घुसळण्याचा प्रोग्राम एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मिळाला. तो असा होता की एकाच्या बोटाचा तुकडा बदलला तरी सगळी यादी उलटीपालटी व्हावी. रँडमाइझची ओळ मी खोडून टाकली. तिच्यामागून आकडे काढणारी ठरावीक आज्ञाही काढली, कारण सुभेदारांनी हिशोब करून दाखवलं की तिला बियाच मुळी पासष्ट हजार पाचशे छत्तीस माहीत आहेत. सगळ्या करून बघायला एक दुपार पुरेल.

मध्ये दोनदा वीज गेली. दुपारचा वर्ग मी रद्द केला. सुभेदारांनी घरून आणलेल्या भाकरीचे दोन भाग केले आणि आम्ही कीबोर्ड बाजूला सरकवून, पडद्याकडे बघत ती खाल्ली. चार वाजता प्रोग्राम चालला. घड्याळ एकाच वेळेवर लावून आम्ही तो दहादा चालवला. दहा वेगळ्या याद्या.

तो दिवस आठवला की अजून छातीत काहीतरी उजळतं. मी पुढे पुष्कळ मोठी कामं केली. पण भाकरीच्या पिठाचे हात पुसत, शेजारी म्हाताऱ्या सुभेदाराला बसवून, खरोखर कुणालाही ओळखता येणार नाही असा एक आकडा जन्माला घातल्याचा तो आनंद परत तसा मिळाला नाही.

संध्याकाळी घरी जाताना हौसाक्काने हाक मारली. ती पोती गुंडाळत होती.

"पोरी, उद्या माझं नाव निगंल न्हवं?"

"कसं सांगू, आक्का."

"समदी म्हणत्यात, वैजूच्या हातात हाय. म्या म्हणलं, मग मला घोर न्हाई." ती हसली. समोरचे दोन दात नव्हते. "जोतिबाला नवस बोलल्याय. गाळा दे, पायरी चढून येती म्हणलं. ह्या गुडघ्यांनी."

"माझ्या हातात काही नसतं, आक्का. यंत्र ठरवतं."

हौसाक्काशी मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं खोटं. त्या क्षणी सगळं माझ्याच हातात होतं. पिशवीत दोन फ्लॉप्या होत्या. एकीत तिचा गाळा होता.

गुरुवारी सकाळी नगरपालिकेच्या पटांगणात मांडव घातला होता. टेबलावर संगणक, त्याला हार. दहा वाजल्यापासून माणसं येत होती. मी ठरवलं होतं की जुनी फ्लॉपी घालायची. खरंच ठरवलं होतं. चौघं चोर घुसतील तर घुसू देत, त्यांच्यामागून ऐंशी गरजूंनाही गाळे मिळतीलच की, आणि त्यांत हौसाक्का असेल. यात वाईट काय, असं स्वतःला समजावून मी घरातून निघाले होते.

पण मांडवात बसल्यावर मी समोर बघितलं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. लसूणवाली रहिमतबी नातवाला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत होती. तिचा क्रमांक एकसष्ट. तो यादीत नव्हता. तिच्यामागे लिंबं विकणारे दोघे भाऊ, त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णव. नव्हते. केळीवाल्या काशीबाई कुंकू भरून कुणाला तरी सांगत होत्या की त्यांना पहाटे चांगलं स्वप्न पडलं. त्याही नव्हत्या. यादी मला पाठ झाली होती. त्या मांडवात एकशे अठ्ठावीस माणसं अशी बसली होती की ज्यांचा निकाल मंगळवारीच लागून गेला होता आणि ती देवाचं नाव घेत, नटूनथटून, तो ऐकायला आली होती.

मी पिशवीतली नवी फ्लॉपी संगणकात घालून माइक हातात घेतला तेव्हा सव्वाअकराला तीन मिनिटं कमी होती.

"सोडतीच्या आधी एक काम आहे," मी म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी अर्ज केलाय त्यांनी एकेकाने पुढे यायचं आणि या पाटीवरची कुठलीही एक कळ दाबायची. तुम्ही सगळ्यांनी दाबल्याशिवाय यंत्र चिठ्ठी काढणार नाही."

क्षणभर कुणालाच कळेना. मग रहिमतबी उठली आणि तिच्यामागे रांग लागली. व्यासपीठावर नगराध्यक्षांनी सरांकडे मान वळवली.

"मुतालिक, हे काय आहे? हे ठरलं नव्हतं. ती जुनी पद्धत चालवा."

माझ्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ते शब्द मांडवात ऐकू गेले. सरांच्या शर्टाच्या खिशात जुन्या प्रोग्रामची फ्लॉपी होती, निळं टोक बाहेर दिसत होतं. सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. मंगळवारनंतर पहिल्यांदाच आमची नजर भेटली. मला वाटलं, आता ते पुढे येतील, माझी फ्लॉपी काढतील, आणि मी काही करू शकणार नाही, कारण सगळं त्यांनीच तर शिकवलं होतं.

"साहेब, ही सुधारलेली पद्धत आहे," सर म्हणाले. आवाज कोरडा होता. "हीच बरोबर आहे."

आणि त्यांनी ती फ्लॉपी खिशात आत ढकलली.

दोनशे बारा माणसांनी कळ दाबली. त्यांतल्या बहुतेकांनी संगणक पहिल्यांदाच जवळून बघितला होता. कुणी पदराला बोट पुसून दाबली. कुणी आधी नमस्कार केला. "शॉक न्हाई न्हवं बसत?" असं विचारून एकीने इतक्या हळू दाबली की तिला परत दाबायला लागली. रहिमतबीने नातवाच्या बोटाने दाबली. नगराध्यक्षांच्या मेहुण्यानेही रांगेत उभं राहून दाबली, दुसरा इलाजच नव्हता. हौसाक्का आली, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि सहीच्या जागी अंगठा देते तसा आख्खा अंगठा कळीवर टेकवला. तेव्हा पालिकेच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकवीस झाले होते. चौदावं सेकंद कधी आलं आणि गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटची कळ नगराध्यक्षांनी दाबली. अकरा अडतीसला.

सुभेदार एकेक क्रमांक मोठ्याने वाचत गेले. एकसष्ट निघाला तेव्हा रहिमतबी मोठ्याने रडली. लिंबंवाल्या भावांपैकी एकाला गाळा लागला. त्या चौघांपैकी एकाला लागला, सभापतींच्या पुतण्याला, आणि तोही रीतसरच लागला. पन्नास झाले, साठ झाले. सत्तरपासून मी मनात मोजायला लागले. ऐंशी. एक्याऐंशी. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशीवा क्रमांक सात होता.

एकशे अठरा निघाला नाही.

मी वर बघितलं नाही. फ्लॉपी काढली, वायरी गुंडाळल्या. मांडव रिकामा होत होता. हौसाक्का माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतीस कशापायी गं येडे? तू काय करणार? जोतिबाच्या मनात नव्हतं."

सर वर्गात एकटेच बसले होते. मी चावी द्यायला गेले. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, "घरपट्टीच्या सगळ्या बिलांचं काम आपल्याला देणार होते. तीन वर्षांचं." त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "तू परवा मला सरळ विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो. विचारलं नाहीस ते बरं केलंस."

"सर, तुम्ही मांडवात फ्लॉपी काढली असतीत तर..."

"काढणार होतो," ते म्हणाले. "मग तू शिकवतेस तशी उभी राहिलीस, आणि मला वाटलं हा माझा वर्ग आहे."

मी खाली वाकून नमस्कार केला.

पालिकेचं काम अर्थातच मिळालं नाही. दीड वर्षाने वर्ग बंद झाला आणि सर मुलीकडे हुबळीला गेले. सुभेदारांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, पहिल्या वर्गात पास झाले आणि प्रमाणपत्र आपल्या पदकांच्या शेजारी लावलं. ते गेल्याला आता बारा वर्षं झाली. मी पुण्याला आले, आणि योग असा की आयुष्यभर हेच काम केलं. बँकांच्या व्यवहारांसाठी लागणारे, कुणाला ओळखता न येणारे आकडे बनवायचं. हल्ली त्यासाठी सीमध्ये एक ओळ पुरते. यंत्रच आतल्या आत सगळा गोंधळ गोळा करून ठेवतं आणि मागितला की देतं. नवी मुलं ती ओळ लिहितात आणि पुढे जातात, आणि त्यांनी तसंच करावं असं मी त्यांना सांगतेही.

हौसाक्का आणखी अकरा वर्षं गटाराकाठी बसली. मग गुडघ्यांनी साथ सोडली. सुदैवाने मुलगा परत आला, सून चांगली निघाली. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. मी गावी गेले की जाते. दरवेळी सांगायचं ठरवायचे आणि चहा पिऊन परत यायचे. गेल्या वर्षी सांगितलं. ती दारात बसून लसूण सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. यादी, नववा गाळा, दोन फ्लॉप्या. ती लसूण सोलायची थांबली नाही.

"म्हंजे गाळा मला लागलेला," शेवटी म्हणाली.

"हो."

"आन् तू तो काढून घेतलास."

"हो, आक्का."

तिने सालं फुंकून टाकली.

"पंचवीस वरसं म्या जोतिबावर रुसून बसल्याय. एकदाबी डोंगर चढले न्हाई. चैत्राला समदी गेली, म्या न्हाई गेले. म्हणलं, एवढं एक मागितलं त्ये दिलं न्हाईस, आता मी तुझं त्वांड बघायची न्हाई." तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग होता की काय होतं ते मला अजूनही सांगता येत नाही. "तेनं बिचाऱ्यानं दिलंच हुतं की."

"आक्का..."

"गाडी आणल्यास न्हवं? ने मला. आत्ताच ने."

मी तिला जोतिबाला घेऊन गेले. दीड-दोन तासांची वाट होती. वर पोचल्यावर मी तिला न्यायला खुर्ची बघायला निघाले तर तिने नको म्हटलं. माझ्या खांद्यावर हात टाकून ती देवळाकडची एकेक पायरी उतरली, प्रत्येक पायरीला थांबत. गाभाऱ्यासमोर मला बाजूला केलं आणि कठड्याला धरून एकटीच उभी राहिली. मागून लोक ढकलत होते, पुजारी चला चला म्हणत होता, पण ती हलेना. ओठ हलत होते. मग कपाळाला गुलाल लावून माझ्याकडे वळली आणि परत खांद्यावर हात टाकला.

आम्ही बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. तिला धाप लागली होती.

"काय म्हणालीस एवढा वेळ?" मी विचारलं.

"माफी मागितली. म्हणलं, तुझी चूक न्हवती, पोरीची हुती." तिने पदराने तोंड पुसलं. माझ्या डोक्यावर सांडलेला गुलाल हाताने झटकला आणि हात तिथेच राहू दिला. "पर पोरीला काय करू नगंस म्हणलं."